वजा एक तास

ताईंकडे पाहुणे आले की चहाच्या दुसऱ्या फेरीला माझा नंबर लागायचा. ताई स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायच्या, "अगं, जरा बाहेर ये. यांना सांग, आज भरती किती वाजता."

मी पदराला हात पुसत बाहेर यायचे. मनात तिथी आठवायची, तिची पाऊणपट करायची, त्यातून एक तास वजा करायचा आणि सांगायचं. "अष्टमी आहे. पाच वाजता."

"वा!" पाहुणे म्हणायचे. कुणीतरी हमखास विचारायचं, "शाळा किती शिकलीस गं?"

"सातवी."

"बघा! सातवी!"

मग मी आत जाऊन पोहे परतायचे. त्या पाहुण्यांपैकी एकानंही, कधीही, खिशातला फोन काढून माझं उत्तर तपासलं नाही. तेव्हा मला त्यात मान वाटायचा. आज आठवलं की कानशिलं तापतात.

मी चौतीस वर्षांची आहे. घोडपदेवला मावशीच्या खोलीत राहते आणि अकरा वर्षं दादरला ताईंचा स्वयंपाक करते. माझं गाव खाली सिंधुदुर्गात, एका खाडीच्या काठाला. बाबा तर चालवायचे, म्हणजे माणसांना होडीनं खाडीच्या या काठावरून त्या काठाला न्यायचे. शाळा पलीकडच्या काठाला होती. मी सातवीत असताना बाबांचा खांदा निकामी झाला आणि वल्हं माझ्या हातात आलं. सकाळी वर्गातली सगळी पोरं मी पलीकडे न्यायची, धक्क्याला उतरवायची आणि होडीत बसून राहायची. प्रार्थना ऐकू यायची. संध्याकाळी त्यांना परत आणायची. चार वर्षं. मग खाडीवर पूल झाला आणि तरही गेली. शाळा तर आधीच गेली होती.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. वल्हं मारायला मी कुठं शिकले ते कळावं म्हणून सांगते.

ताई पंचावन्नच्या. यजमान गेल्यावर घरात बसून त्या सुकत चालल्या होत्या, तेव्हा कुणा मैत्रिणीनं त्यांना कायाकच्या नादाला लावलं. कायाक म्हणजे लांब, अरुंद, प्लास्टिकची नाव. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. ताईंची नाव दोन जणींची होती. वर्षभरात मैत्रीण परदेशात मुलीकडे गेली आणि मागची जागा रिकामी झाली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून त्यांचा ग्रुप रविवारी पहाटे पाण्यात उतरायचा. एका रविवारी मी डबा घेऊन सोबत गेले होते. ताई म्हणाल्या, "बसतेस का मागे? नुसती बस." मी नुसती बसले नाही. परत आल्यावर ग्रुपचे लोक ताईंना विचारत होते, "ही कोण?"

ताईंचे उपकार मी विसरणार नाही, हे आधीच लिहून ठेवते. मावशीचं ऑपरेशन त्यांच्या ओळखीनं झालं. इंग्रजी पाट्या वाचायला मला त्यांनी शिकवलं. मला वर्षातून चार नव्या साड्या मिळतात आणि एकदाही आवाज चढवून बोलणं मिळालेलं नाही. माझ्या ओळखीच्या बायका ज्या घरांत काम करतात तिथली बोलणी ऐकली की मी मनात ताईंना हात जोडते. म्हणूनच हा राग कुठं ठेवायचा ते मला कळत नव्हतं.

दोन वर्षं आम्ही दर रविवारी वल्हवलं. मग ग्रुपनं ठरवलं की पावसाळा सरला की मुंबईहून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं, दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर करत, थेट सिंधुदुर्ग गाठायचं. ताईंनी नकाशा डायनिंग टेबलावर पसरला. मी कोथिंबीर निवडत होते. मुक्कामाच्या ठिकाणांवर लाल टिपके होते. शेवटून दुसरा टिपका माझ्या खाडीच्या तोंडाशी होता.

माझी कोथिंबीर तशीच राहिली.

पाच वर्षांत मी गावी गेले नव्हते. जायचे तेव्हा एसटीनं, त्या पुलावरून. मला खाडीच्या तोंडातून आत शिरायचं होतं, वल्ह्यानं, आणि पुलाखालून जायचं होतं. त्यानंतर आठ दिवस मला धड झोप लागली नाही.

जागा मोजक्या होत्या आणि अट एकच. पावसाआधी मच्छीमार नगरातून बंदरापलीकडच्या मांडव्याला जायचं आणि परत यायचं, सोबतच्या बोटीला हात न लावता. हात लावला की संपलं. हुकलं तर आणखी एक संधी, तीही मे संपायच्या आत.

मावशीला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "गो बाय, खय मरूक जातंस? त्यांका हौस आसा. तुका काय आसा?"

मला काय आसा ते मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावभर झालं असतं.

एप्रिलमधली पंचमी ठरली. वेळ मी काढली. ओहोटीबरोबर जायचं, भरतीबरोबर यायचं, एवढं सोपं गणित. पंचमीची पाऊणपट पावणेचार. वजा एक तास, पावणेतीन. म्हणजे दुपारी पावणेतीनला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, पावणेनऊला, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. पहाटे सहाला निघायचं, साडेआठला मांडवा, पंधरा मिनिटं थांबून पावणेनऊला परत. पाणी तेव्हाच फिरेल आणि आपल्याला उचलून घरी आणील. अकराच्या पुढं वारा सुटतो, त्याच्या आत आपण मुंबईच्या टोकाचं दीपगृह ओलांडलेलं असेल.

ताईंनी सगळं ऐकलं. फोनकडे एकदा बघितलं. "नक्की ना?" म्हणाल्या.

"नक्की."

"ठीक आहे. तू म्हणशील तसं."

या तीन शब्दांवर मी किती खूश झाले होते, ते आठवून आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सोबतची बोट मच्छीमार नगरातल्या एका नाखव्याची होती. साठीचे कोळी, बोट त्यांची स्वतःची, तोंड फटकळ. मी जॅकेटचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून बघत होते तेव्हा ते म्हणाले, "आवरा गो पोरी, लगीन हाय काय?" मी चौथ्यांदा ओढून बघितला. पाण्यात उतरण्याआधी मला नेहमीच भीती वाटते. पहिले शंभर हात मोजले की जाते.

जाताना सगळं बरोबर झालं. पाणी पाठीशी होतं, समुद्र ताटात ओतल्यासारखा. ताई पुढं, मी मागं, पायात सुकाणू. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी मांडवा. मी केळं खाल्लं आणि घाई सुरू केली. "ताई, उठा. पाणी फिरेल आता." नाखवा बोटीतून काहीतरी ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. आम्ही पावणेनऊला निघालो.

पाणी फिरलं नव्हतं.

पहिली वीस मिनिटं मला वाटलं मीच दमलेय. मग दीपगृह बघितलं. ते जवळ यायला हवं होतं, पण ते उजवीकडे सरकत चाललं होतं. म्हणजे आम्ही डावीकडे, उघड्या समुद्राकडे ओढले जात होतो. ओहोटी अजून पुरती चालू होती. मी सुकाणू दाबलं, हात वाढवले, शंभर मोजले, परत शंभर मोजले. बंदरातून बाहेर पडणारं एक मोठं जहाज लांबून गेलं, त्याच्या लाटा आडव्या आल्या. ताईंना उलटी झाली. त्या तशाच वल्हवत राहिल्या, हे मी मान्य करते. आणखी अर्धा तास वल्हवत राहिल्या. मग त्यांचं वल्हं मांडीवर पडलं. नाखव्यांनी बोट शेजारी आणली, ताईंनी हात पुढे केला आणि बोटीची कड धरली.

संपलं. तो हात मी मागून बघितला. बोटांतली अंगठीसुद्धा आठवते.

ताईंना वर घेतलं. मी खालीच, नावेत, बोटीच्या दोराला धरून बसले होते. नाखवा माझ्यावर तुटून पडले.

"कोनी सांगितला तुला पावनेनऊ? मी मांडव्यावरनं बोंबलत होतो, बसा, बसा म्हनून! पानी पावनेदहाला फिरनार. बारकी पोरं सांगतील आमची."

"पंचमीची पाऊणपट," मी म्हटलं, "आणि एक तास वजा."

"पाऊनपट बरोबर. यो तास खयचा काढलास?"

"बाबा काढायचे."

"बाबा खंयचं?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते असे हसले की मला समुद्रात उडी मारावीशी वाटली. "आगो, खालच्या अंगाला भरती तासभर आधी लागते! तुझा बाप बरोबर हाय. तू मुंबईत बसून गावचं पानी मोजतेस! तुझ्या गावचं पानी हितं आनलंस काय गो?"

पंधरा वर्षं मी मुंबईत. पंधरा वर्षं तो तास वजा करत आले. बाबा करायचे म्हणून. कशाला करायचे ते मी विचारलंच नव्हतं. चूक माझी होती, पुरती माझी, आणि ती कुणीतरी माझ्या तोंडावर मारली म्हणून एवढ्या शरमेतही मला त्या म्हाताऱ्याबद्दल बरं वाटलं. तेवढ्यात ताई बोलल्या. तोंड धुऊन, टॉवेल लपेटून बसल्या होत्या.

"तिला नका बोलू हो. तिची काही चूक नाही. मला माहीत होतं."

"काय म्हाईत होतं?"

"ॲपवर पावणेदहाच दाखवत होतं. पण ती इतक्या विश्वासानं सांगत होती. म्हटलं, तासाभरानं काय एवढा फरक पडतो? कशाला तिचं मन मोडायचं."

नाखवा ताईंकडे वळले. "म्हंजे तुमाला म्हाईत होतं नि गप बसलात? पान्यात कुनी भीड धरतं काय बाई?"

माझ्या डोक्यात काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. तासभर मी ओहोटीशी झगडत होते आणि पुढं बसलेल्या बाईला माहीत होतं की मी चुकतेय. माझी खाडी नकाशावर लाल टिपका होऊन पडली होती आणि हिला माझं मन मोडायचं नव्हतं! लहान पोर कागदाची होडी दाखवतं तेव्हा आपण म्हणतो ना, हो हो, जाईल तुझी होडी लंकेला. तसं. मला ते चहाचे पाहुणे आठवले. "वा!" त्यातल्या किती जणांना माहीत होतं? माझं उत्तर कुणाला हवं होतं? फोनमध्ये होतंच की. त्यांना सातवीवाली बघायची होती.

"तिला वर घ्या," ताई म्हणाल्या. "दमलीय ती."

"मी दमले नाही," मी म्हटलं आणि दोर सोडला.

"अगं, आता त्याचा काही उपयोग नाही. आपलं बाद झालंय."

मला माहीत होतं उपयोग नाही. मी वल्हं मारलं. दोन जणींची नाव एकटीनं मागून वल्हवायची म्हणजे पुढचं टोक वर उचलतं आणि वारा त्याला हवं तिकडे वळवतो. मी जागच्या जागी गोल फिरले. नाखव्यांनी बोट परत जवळ आणली आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन वाकून ताईंच्या जागेवर ठेवला. "म्होरं वजन पायजे," म्हणाले. "आता मार." ताई काही म्हणत होत्या. त्यांना ते म्हणाले, "ती बोलतेय ना, दमली नाय म्हनून. मंग?"

एव्हाना पावणेदहा होऊन गेले होते. पाणी आधी थबकलं, मग हळूच फिरलं. जसं फिरायचं तसंच, जेव्हा फिरायचं तेव्हाच. रागानं माणूस किती वल्हवू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. पहिला तास मी ताईंना मनात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या तासात बाबांना बोलले. मग स्वतःला. वारा सुटला, तोंडावर खारट पाणी बसायला लागलं, आणि शेवटी बोलायला कुणी उरलं नाही. पाण्याचा कॅन पुढं डुलत होता, आणि निदान तो माझी स्तुती करत नव्हता. दीपगृह उजव्या हाताला ठेवून वळसा घातला, दीड वाजता मच्छीमार नगरात आले. बोंबील सुकवायच्या वलांडींखाली सावलीत बसून उलटी केली.

ग्रुपच्या यादीवर आमच्या नावेपुढं काट मारलेली होती. बरोबरच होती.

रात्री बाबांना फोन केला. "बाबा, तो एक तास कित्याक काढतास?"

"माझो बापूस काढी," बाबा म्हणाले, "म्हणान मी काढतंय. कित्याक गो?"

काही नाही म्हटलं आणि ठेवला. त्यांच्यावर तरी काय चिडणार. विचारलं मी नव्हतं आणि विचारलं त्यांनीही नव्हतं.

सोमवारी कामावर गेले. मान खाली घालून कणीक मळत होते. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. काम गेलं तर? मावशीच्या औषधांचं कोण बघेल? दुसरीकडे असं घर मिळेल का? ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझी काही चूक नव्हती."

माझे हात थांबले. "ताई, अकरा वर्षांत आमटी कधी खारट झाली होती?"

"आं?"

"झाली होती का?"

"...झाली असेल की एखादवेळेस."

"मग काय केलंत?"

"खाल्ली."

"किती वेळा खाल्लीत?"

मी पोळ्या केल्या, आमटी केली, ताट वाढलं आणि समोर उभी राहिले. ताईंनी एक घास घेतला. माझ्याकडे बघितलं. "मीठ जरा जास्त वाटतंय," म्हणाल्या.

मी आमटी पळीनं हातावर घेऊन चाटली. मीठ बरोबर होतं.

"खोटं!" मी ओरडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझा आवाज चढला. "अजून तेच! मला बरं वाटावं म्हणून आता चुका पण खोट्या काढणार?"

ताईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी वाटी सरकवली. "मग खरी ऐकायची आहे? ऐक. तू माझ्या तालात वल्हवत नाहीस. मागच्यानं पुढच्याचा ताल धरायचा असतो. तू तुझाच चालवतेस. तुझं पातं माझ्या पात्यावर आपटतं. दोन वर्षं मी आपटू नये म्हणून हात अर्धवट उचलून घेतेय. माझा खांदा त्यानंच गेलाय. आणि तुझं सगळं पाणी माझ्या पाठीवर येतं. दर रविवारी. बास?"

कुकरची शिट्टी झाली.

ते खरं होतं. ऐकताक्षणी मला कळलं की खरं आहे. गावच्या होडीत मी कायम एकटीच वल्हवायची, पुढं बसलेली माणसं नुसतीच बसलेली असायची. ताईंनाही मी तसंच बसवून घेत होते. मला तरी त्या कुठं खलाशी वाटल्या होत्या?

"आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

"तू आधी का नाही विचारलंस?"

गॅस बंद केला. त्या दिवशी ताईंनी जेवण अर्धं टाकलं आणि मी ते जिन्यातल्या मांजराला घातलं. पुढचे तीन रविवार आम्ही बॅकबेच्या उथळ पाण्यात फक्त ताल घोटला. ताई आकडे मोजायच्या, मी त्यांच्या खांद्याकडे बघून हात टाकायचे, आणि चुकलं की त्या पुढूनच ओरडायच्या, "उशीर!" एकदा मी उलट बोलले, तर त्यांनी वल्ह्यानं पाणी उडवलं माझ्या तोंडावर. धक्क्यावर जाळं शिवत बसलेले नाखवा म्हणाले, "आता कशा नवरा-बायकोवानी भांडताय."

दुसरी खेप मेमधल्या षष्ठीला. माझा हिशेब, काहीही वजा न करता, सुकती साडेदहा. ताईंचं ॲप दहा वीस. त्यावर आदल्या दिवशी अर्धा तास वाद. मांडव्याला आम्ही दहाला पाच कमी असताना पोचलो आणि मला लगेच निघायचं होतं, वाऱ्याच्या आत. ताई वाळूत मांडी घालून बसल्या. "पाणी फिरल्याशिवाय मी उठणार नाही."

"वारा सुटेल."

"सुटू दे. बस खाली."

"तुम्हाला काय कळतं वाऱ्यातलं?"

"तुझ्याइतकं नाही. घड्याळातलं कळतं. बस."

मी बसले. दात खात बसले. पाण्याच्या कडेला मी एक काडी रोवली होती, पाणी ओसरेल तशी ती पुढं सरकवत होते, तिच्याकडे दोघी बघत राहिलो. दहा पंचवीसला पाणी काडीला लागलं. ना त्यांचं बरोबर, ना माझं. उठलो आणि निघालो. परतीच्या वाटेवर आम्ही आकड्यांखेरीज एक शब्द बोललो नाही. वारा सुटलाच, मी म्हटलं होतं तसा. पातं एकदाही पात्यावर आपटलं नाही. दोन वाजत आले तेव्हा नाव वाळूला लागली. नाखव्यांची बोट तीन हात अंतरावर होती आणि तिला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

यादीत आता दोन नावं आहेत, एकाखाली एक. मावशीला कळलंय, म्हणजे गावाला कळलंय. बाबा फोनवर रोज विचारतात, कधी येतंस. मला रोज नवी भीती वाटते: त्यांचं वय, माझे खांदे, पुलाखालचे खांब.

परवा भाजी चिरताना मी ताईंना बजावून सांगितलं, की माझ्या खाडीच्या तोंडाशी पोचलो की तिथं मात्र पाऊणपट करून एक तास वजा करायचा. तिथं तोच हिशेब खरा आहे. मी चार वर्षं त्या पाण्यावर काढलीत.

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बघू," म्हणाल्या. "ॲपवर तपासून सांगते."

असा राग आला मला!